व्यायामशाळेच्या तळघरातून

हरलेले संघ स्टेशनावर म्हणायचे,
"वोत्रुबानं आज आम्हांला धुतलं."
आणि वोत्रुबाला कोण धुतं?
तळघरात, बॉयलरला पाठ लावून,
मी, बोझेना,
आठवड्याला नऊ डॉलर,
साबण कॉलेजचा, हात माझे.

लुमिरला मी खेळताना पाहिलं ते एकदाच,
तेही अर्धवट.
बाकी सगळा तो मला डागांतून कळला.

ऑक्टोबरात फुटबॉलचा चिखल,
नदीकाठचा, काळा,
शिवणीत शिरला की भाडेकरूसारखा निघता निघत नसे.
जानेवारीत बास्केटबॉल, म्हणजे नुसता घाम,
पाठीवर मिठाचे नकाशे.
एप्रिल आला की घोळ:
बेसबॉलची तांबूस माती
आणि धावपट्टीवरची कोळशाची कच
एकाच पोराच्या गाठोड्यात.
गुडघ्यातली कच नर्स काढायची, चिमट्यानं.
कापडातली मी, नखानं.

चौतीस सालचा मे.
नेब्रास्काची शेतं तेव्हा आभाळात उडत होती,
धुतलेलं वाळेपर्यंत पुन्हा मळायचं.
त्या दुपारी दोन्ही मैदानांवर सामने,
आणि दोन्हीकडे तोच हवा.
गावात अजून सांगतात:
डाव बदलताना त्यानं कुंपणावरून उडी टाकली,
बेसबॉलच्याच विजारीत भाला फेकला,
विक्रम मोडला,
परत आला आणि पहिलाच चेंडू
चर्चच्या पलीकडे.
दरवर्षी चर्च थोडं लांब सरकतं.

मी दोरीवर चादरी घालत होते.
उडी पाहिली. पट्टा सैल झालेला पाहिला,
एका हातानं विजार सावरत तो धावला ते पाहिलं,
भाला वर गेला
आणि पश्चिमेकडून धूळ आली.
मी चादरींकडे पळाले.
भाला कुठे पडला ते विचारू नका.
संध्याकाळी विजार खाली आली:
एक गुडघा काळा, एक तांबडा,
खिशात अर्धा खाल्लेला कोलाच, आलुबुखाराचा.
एवढं मात्र खरं,
ते माझ्या हाताखालून गेलंय.

त्याला शिकागोच्या कुठल्याशा संघाचं
पत्र आलं होतं म्हणतात.
आलं असतं तर गेला असता.
गेला नाही. बाप अंथरुणाला खिळला,
आणि लुमिर धान्याच्या गोदामावर
काट्यापाशी बसला,
दुसऱ्यांच्या गव्हाची वजनं लिहीत.

खिसे मी नेहमी तपासायचे.
नेहमी.
एकदाच, त्याच महिन्यात,
पिळताना पांढरा लगदा हाती आला,
निळ्या शाईचा एक धागा त्यात.
दुकानाची पावती असेल.
कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

सत्तावीस वर्षांनी वर, दारापाशी
काचेचं कपाट आलं.
आत चषक, एक फुटका चेंडू, आणि जर्सी,
नंबर एकतीस, खाली त्याचं नाव.
समारंभ झाला, भाषणं झाली.
सगळे कॉफीकडे वळल्यावर
तो एकटाच काचेसमोर उभा राहिला.
केस गेलेले, कोट उसना असावा.
मी इस्त्रीचे टेबलक्लॉथ घेऊन वर आले होते.
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"ही माझी नाही.
माझ्या डाव्या कोपराला हिरवा दोरा होता."

चार वर्षांत त्यानं माझं नाव
विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "पांढरा संपला होता त्या दिवशी."

तो वळला. माझ्या हातांकडे बघत राहिला,
तोंडाकडे नव्हे.
मग आपला हात पुढे केला. करंगळी नव्हती,
गोदामाच्या पट्ट्यात गेली असणार.
मी टेबलक्लॉथ डाव्या काखेत घेतले आणि हात धरला.
लगदा माझ्या जिभेवर आला होता,
अगदी दातांपर्यंत.

"कोलाच आहेत आत," मी म्हटलं,
"आलुबुखाराचे."
तो आत गेला.
मी खाली.
चादरी भिजत होत्या.